दुर्मिळ ग्रंथाचा व्यवहार आणि संहितेचे चरित्र

दुर्मिळता हा ग्रंथाचा अंगभूत गुण आहे, अशी समजूत ग्रंथव्यापारात रूढ आहे. प्रती थोड्या, म्हणून मोल अधिक, एवढ्यावर विचार थांबतो. प्रती थोड्या का राहिल्या आणि त्यांवर ताबा कोणाचा होता, हे प्रश्न संग्राहकाच्या कुतूहलाचे मानून समीक्षाही बाजूला ठेवते. ‘धवला’च्या इतिहासातील सोलापूरचा प्रसंग पाहिला, की ते संहिताचिकित्सेचे प्रश्न ठरतात.

पुष्पदंत आणि भूतबली यांच्या षट्खंडागमावरील वीरसेनांची ही प्राकृत-संस्कृत मिश्र टीका नवव्या शतकातली. जुन्या कन्नड लिपीतील तिची ताडपत्रे मूडबिद्री येथे जपलेली होती. त्यांचे दर्शन होई, पूजा होई. अध्ययन मात्र होत नसे. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या प्रयत्नांतून १८९६ साली प्रतिलेखन सुरू झाले. तथापि, प्रती बाहेर नेण्यास संमती नव्हती. लेखनकार्यातील गजपती शास्त्री यांनी कन्नड लिपीत एक प्रत गुप्तपणे केली आणि ती विकण्यासाठी सोलापुरास आणली. ज्या ग्रंथासाठी हिराचंदांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तोच दारी आला. परंतु अशा मार्गाने आलेली प्रत घेणे त्यांना उचित वाटले नाही. पुढे सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांनी ती विकत घेतली. तेथे नागरी प्रत होत असता सीताराम शास्त्री यांनी स्वतःसाठी आणखी एक प्रत केली व तीवरून इतर प्रती पसरल्या. हीरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून पहिला खंड प्रसिद्ध केला, तो या परंपरेतील प्रतींवरून. मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहणे पुढील खंडांच्या वेळीच शक्य झाले.

वॉल्टर बेंजामिन यांनी कलाकृतीच्या पूजामूल्याचा क्षय यांत्रिक पुनरुत्पादनाशी जोडला. येथे छापखान्याच्या कितीतरी आधी, हाताने केलेल्या प्रतीने आणि तिच्या विक्रीने पूजेची वस्तू वाचनाची वस्तू झाली. पूजामूल्य आणि वाचनमूल्य यांच्यामध्ये विनिमयमूल्य उभे होते. हस्तलिखितांच्या वंशवृक्षात दोन प्रती जोडणारी रेघ निर्विकार दिसते. प्रत्यक्षात ती कधी मनाई, कधी चोरी, कधी खरेदी असते. गुप्तपणे केलेल्या लेखनात पाठ गळण्याचा व चुकण्याचा संभव वाढतो. म्हणून प्रतीच्या खरेदी-विक्रीचा वृत्तान्त हा पाठनिर्णयाच्या साधनांपैकीच एक मानला पाहिजे.

यावर असा आक्षेप येईल, की परिणाम चांगला म्हणून चौर्य समर्थनीय ठरते काय? तसे ठरत नाही. सर्वांनीच हिराचंदांप्रमाणे नकार दिला असता, तर अध्ययन कदाचित एका पिढीने लांबले असते, हे खरे. परंतु त्या नकारात एक आग्रह आहे : वाचनाचा अधिकार उघडपणे मागून मिळवावा, विकत घेऊन लपवू नये. ग्रंथाचा रक्षक आणि ग्रंथाचा वाचक यांच्यातील हा तंटा सहारनपूरच्या खरेदीने मिटला नाही, केवळ ओलांडला गेला.

१९७३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने याच ग्रंथाची संशोधित आवृत्ती काढण्यास आरंभ केला. ज्या गावात प्रत नाकारली गेली, तेथूनच संहिता छापील रूपात उघडपणे वाचकांकडे गेली. तिच्या चरित्रात तो नकारही नोंदवला गेला पाहिजे.