फांग फांग यांची ‘वुहान डायरी’ : दैनंदिन व्यवहार, मैत्री आणि साक्षीचे मूल्य

साथीच्या रोगांविषयीच्या साहित्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः मृत्यू, भय आणि सत्तेचे वर्तन यांकडे जाते. चिनी लेखिका फांग फांग यांच्या ‘वुहान डायरी’च्या बाबतीतही हेच घडले. सत्य सांगणारी निर्भय लेखिका आणि देशाची बदनामी करणारी लेखिका, या दोन टोकांमध्येच पुस्तकाची चर्चा अडकून पडली. परिणामी पुस्तकाचा फार मोठा भाग दुर्लक्षित राहिला. भाजी कोणी आणून दिली, घरातील म्हाताऱ्या कुत्र्याच्या खाण्याचे काय झाले, मुलीने स्वतः काय रांधले, कोणत्या मित्राने काय कळविले, अशा मजकुराने हा भाग भरलेला आहे. हा मजकूर म्हणजे राजकीय साक्षीभोवतीचा भराव नव्हे, किंबहुना ती साक्ष त्याच्याच आधारावर उभी आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. विवेचनासाठी मायकेल बेरी यांचा इंग्रजी अनुवाद (२०२०) वापरला आहे. मूळ चिनी शैलीविषयी म्हणून येथे विधाने केलेली नाहीत.

फांग फांग (मूळ नाव वांग फांग, जन्म १९५५) या वुहान येथे राहणाऱ्या ज्येष्ठ कादंबरीकार असून हुबेई प्रांतिक लेखक संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. २३ जानेवारी २०२० रोजी सकाळी दहा वाजल्यापासून वुहान शहराची टाळेबंदी सुरू झाली. दोन दिवसांनी, म्हणजे चिनी नववर्षाच्या दिवशी, त्यांनी समाजमाध्यमावर पहिली नोंद लिहिली. अशा साठ नोंदी झाल्या. शेवटची नोंद २४ मार्च २०२० ची आहे. त्याच दिवशी ८ एप्रिलपासून वुहानची टाळेबंदी उठणार असल्याचे जाहीर झाले, आणि त्याच दिवशी रात्री भारतात एकवीस दिवसांची टाळेबंदी घोषित झाली. मराठी वाचकाला या पुस्तकात पुढे जो परिचितपणा जाणवतो, त्याची सुरुवात अशी एका तारखेपासून होते.

नोंदींची घडण बहुधा ठरलेली आहे. प्रथम हवामान येते. मग उशिरा उठणे, जेवणखाण आणि फोनवर आलेले निरोप. लेखिका एकट्या राहतात. मुलगी त्याच शहरात, पण वेगळ्या घरी. टाळेबंदीच्या आदल्या रात्रीच जपानहून परतलेल्या या मुलीला त्या स्वतः विमानतळावरून घेऊन आल्या होत्या, त्यामुळे पहिले काही दिवस दोघींच्याही मनात संसर्गाची शंका आहे. स्वयंपाकाची फारशी सवय नसलेली मुलगी हळूहळू रांधू लागते, आणि आईला त्याचे समाधान वाटते. पुढे वसाहतीतून बाहेर पडण्यावरच निर्बंध आल्यावर शेजारी मिळून एकत्रित खरेदी करू लागतात, आणि माल दरवाजापाशी येऊन पडतो. शेजारी आणि सहकारी लेखिकेचीही सोय पाहतात. हे सारे त्या बारकाईने, पण कोणताही आव न आणता नोंदवितात. याच ओघात, परिच्छेद बदलला न बदलला तोच, एखादा डॉक्टर मित्र रुग्णालयातील खाटांविषयी सांगतो, एखाद्या परिचिताच्या मृत्यूची वार्ता येते. भाजीचा निरोप ज्या वाटेने येतो त्याच वाटेने मृत्यूचाही येतो, आणि लेखिकेचा स्वर दोन्ही वेळी फारसा बदलत नाही. या कृतीचे खरे सामर्थ्य त्या न बदलणाऱ्या स्वरात आहे असे म्हणावे लागते. भाजीच्या बाबतीत जिची नोंद आपण विनातक्रार मान्य करतो, तिच्या पुढच्या वाक्यावर अविश्वास ठेवणे वाचकाला अवघड होते.

‘हे सारे ऐकीव आहे’ हा या दैनंदिनीवरील सर्वांत गंभीर आक्षेप. १३ फेब्रुवारीच्या नोंदीत एका डॉक्टर मित्राने पाठविलेल्या छायाचित्राचा उल्लेख आहे : दहनगृहाच्या जमिनीवर विखुरलेले मृतांचे फोन. ते छायाचित्र दाखवा, अशी मागणी झाली. नोंदीत तर ते नव्हतेच. या एका नोंदीपुरता आक्षेप योग्यच आहे. वाचकाला पडताळणीचे कोणतेच साधन न देता इतकी प्रक्षोभक प्रतिमा समोर ठेवणे, हे इतरत्र संयम पाळणाऱ्या लेखिकेच्या पद्धतीला सोडून आहे. परंतु ऐकीव असणे हाच जर दोष मानला, तर वुहानच्या साथीची पहिली सूचनाही त्याच दोषास पात्र ठरेल. डॉ. ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी दिलेला इशारा हा वैद्यकीय महाविद्यालयातील सहाध्यायांच्या गटात पाठविलेला खासगी निरोपच होता. ३ जानेवारी रोजी पोलिसांनी त्यांना समज दिली आणि ७ फेब्रुवारी रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. शहरातील मृतांचा अधिकृत आकडादेखील १७ एप्रिल रोजी १,२९० ने वाढवून ३,८६९ करावा लागला. अधिकृत माहिती अपुरी असते तेव्हा मित्रामित्रांमधील निरोपांना पुराव्याचे काम करावे लागते. फांग फांग बहुतेक ठिकाणी ‘डॉक्टर मित्र सांगतो’ असा स्रोताचा प्रकार तरी सांगतात आणि आपण काय पाहिले व काय ऐकले यांतील भेद राखतात.

या पद्धतीची खरी मर्यादा मात्र टीकाकारांनी दाखविली त्याहून वेगळी आहे. मैत्रीवर उभ्या असलेल्या वृत्तव्यवस्थेला त्या मैत्रीच्या कक्षेचेच बंधन पडते. लेखिकेचे मित्र म्हणजे लेखक, प्राध्यापक, डॉक्टर आणि जुने सहाध्यायी. सुरुवातीच्या एका नोंदीत, मुखपट्ट्या शोधण्यासाठी बाहेर पडलेल्या लेखिकेला निर्मनुष्य रस्ता झाडणारा सफाई कामगार दिसतो. आपल्याला यांचे कधी स्मरणच झाले नाही, असे तिला वाटून जाते. ही नोंद प्रांजळ आहे. तथापि हा कामगार निरोप पाठविणाऱ्यांत कधी येत नाही. सामान पोहोचविणारे आणि स्वयंसेवक यांच्याविषयी कृतज्ञता आहे, पण त्यांच्या घरी त्या दिवशी काय शिजले हे आपल्याला कळत नाही. शहरात अडकून पडलेल्या परगावच्या मजुरांची स्थितीही दुरूनच दिसते. इतरांच्या श्रमावर चालणाऱ्या घरातून लिहिलेली ही साथीची रोजनिशी आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावयास हवी.

इंग्रजी आवृत्तीने या प्रश्नात आणखी भर घातली. मूळ लेखन चीनमध्ये प्रामुख्याने ‘फांग फांग यांची रोजनिशी’ म्हणून ओळखले जात होते. इंग्रजीत त्याला ‘डिस्पॅचेस फ्रॉम अ क्वारंटाइन्ड सिटी’ असे उपशीर्षक मिळाले. ‘डिस्पॅच’ म्हणजे आघाडीवरून धाडलेला वृत्तांत. या एका शब्दाने स्वयंपाकघरातील लेखिका युद्धवार्ताहर झाली, आणि तिच्याकडून वार्ताहराचाच पुरावा मागितला जाणे स्वाभाविक ठरले. एप्रिलमध्ये परदेशी आवृत्तीची जाहिरात झाल्यावर चीनमधील रोष तीव्र झाला. त्यास केवळ हे उपशीर्षक कारण नव्हते, हे खरे, परंतु पुस्तक कोणत्या प्रकारात मोडते याविषयीचा गोंधळ त्याने वाढविला.

मार्चच्या मध्यापासून नोंदींचे स्वरूप पालटते. टीकाकारांना दिलेली उत्तरे लांबत जातात. एका माध्यमिक विद्यार्थ्याच्या नावाने आलेल्या पत्राला दिलेले १८ मार्चचे उत्तर हे त्याचे ठळक उदाहरण होय. उत्तर समर्थ आहे, त्यात स्वतःच्या पिढीविषयीचे आत्मपरीक्षणही आहे. पण या नोंदींत शेजारी, मुलगी आणि कुत्रा मागे सरतात आणि लेखिका एखाद्या व्यासपीठावरून बोलू लागते. वादात ती बहुधा बरोबर असते. तरीही फेब्रुवारीतील नोंदींची पकड या पृष्ठांना नाही.