फुगडीला सा कोणता?

कुंभारवाड्याच्या भागात घरं दाटीवाटीने नाहीत. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात कुणब्यांच्या वाड्या विखुरलेल्या, मधे शेत, ओढा आणि रान. काळी व्याघ्र प्रकल्पातलं एक वनक्षेत्र याच गावाच्या नावाने ओळखलं जातं. अशा ठिकाणी हाक मारावी लागते. लांबच्या माणसाला हाक मारताना नाव आपोआप दोन सुरांत तुटतं, पहिला वर, दुसरा थोडा खाली. पेटीवर हे अंतर शोधलं तर बहुधा पंचमावरून शुद्ध गंधारावर उतरण्याइतकं भरतं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या संगीतशिक्षणाची पहिली पायरी ठेवली ती याच दोन सुरांवर, कारण ते मुलाच्या गळ्यात आधीपासून असतात. केचकेमेत या गावात १९५०मध्ये रोज गाणं शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली. परभाषेतल्या कवायतींना बाजूला सारून आपल्याच खेड्यातली गाणी आणि खेळ हे कोदाय यांचं पाठ्यपुस्तक होतं. २०१६मध्ये युनेस्कोने लोकसंगीताचा वारसा जपण्याच्या या पद्धतीची नोंद घेतली.

आपल्याकडे कच्च्या मालाची टंचाई कधीच नव्हती. देशावर भोंडला आणि हादगा, खानदेश-विदर्भात भुलाबाई, घाटाखाली गोव्यात धालो, आणि फुगडी तर सगळीकडेच. कुंभारवाड्यातल्या मुलाच्या कानावर घरची कोकणी, शेजारची मराठी आणि शाळेची कन्नड अशा तीन भाषा पडतात. खेळातलं गाणं या तिन्हींत सहज ये-जा करतं. चाल तीच, शब्द बदलतात. चार वर्षांच्या मुलाला व्याकरण तीनदा शिकावं लागतं, ठेका एकदाच.

या खेळांतलं संगीत मात्र आपण नीट ऐकलेलंच नाही. फुगडी घ्या. ती संथ सुरू होते, लय चढत जाते, ओळी आखूड होतात आणि शेवटी शब्द गळून नुसते श्वासाचे फूत्कार उरतात. लय वाढवताना जोडीदाराचा हात सुटू न देणं हा लयीचा धडा आहे, आणि चुकलात तर गुण कापले जात नाहीत, माणूस जमिनीवर येतो. झिम्म्यातली टाळी समेसारखी जागच्या जागी पडावी लागते. हुतूतू तर उघडच दमसासाचा रियाज आहे: एकच अक्षर, शक्यतो एकाच सुरात, श्वास न तोडता. गायनशिक्षक ज्यासाठी महिने घालवतात ते पोरं धुळीत करतात. भोंडल्याच्या चाली तीन-चार सुरांतच फिरतात, यादी लांबत जाते, आणि मागच्या ओळी लक्षात ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लहान गळ्याला झेपेल इतकाच पट्टा आणि स्मरणाला भरपूर काम. मुलांसाठी मुद्दाम गाणी रचणाऱ्यांना हे प्रमाण क्वचितच साधलं आहे.

इतकं असून या खेळांतून संगीत शिकवलं जात नाही, असं माझं म्हणणं आहे. गाणं वापरलं जातं. बालवाडीत ते आकड्यांसाठी, बाराखडीसाठी, हात धुण्यासाठी आणि बऱ्याचदा नुसतं मुलांना गप्प बसवण्यासाठी येतं.

ही सवय नवी नाही. गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी आधी दादरला, मग १९४५पासून बोर्डीत आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी बालवाडीचा पाया घातला. पानं, बिया, शिंपले यांतून त्यांनी शिक्षणसाहित्य उभं केलं. अभिनयगीत आणि बडबडगीत हे बालवाडीचे रोजचे सोबती झाले, याचं मोठं श्रेय या परंपरेला आहे. पण ही परंपरा ज्यांच्या पद्धतीवर उभी आहे त्या माँटेसरींच्या मूळ साहित्यात जोडीजोडीने सारख्या आवाजाच्या घंटा असतात. मूल एक वाजवून तिची जोडी कानाने शोधतं. रंगांच्या जोड्या, आकारांच्या जोड्या आपल्या बालवाड्यांत रुजल्या. आवाजांच्या जोड्या आज शोधूनही सापडत नाहीत. डोळ्याला आणि हाताला शिक्षण मिळालं, कान राहून गेला.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. कर्नाटकात १९९५मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ‘नली-कली’ सुरू झाली; पहिल्या इयत्तांसाठी कार्डं, गाणी आणि खेळ हा तिचा गाभा. सरकारी शाळेतल्या मुलाला जागेवरून उठू दिलं, हेच तिचं मोठं काम. गाणं मात्र तिथेही भाषा आणि गणिताच्या पालखीचा भोईच.

सूर शिकवायचाच झाला तर आधी पट्टी बदलायला हवी. चार-पाच वर्षांच्या मुलाचा सोयीचा गळा मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहापर्यंत चालतो. गुरुजी आपल्या सोयीच्या खालच्या सुरात गाणं उचलतात, मुलं तिथवर उतरू शकत नाहीत आणि पुटपुटतात किंवा ओरडतात. मग शेरा बसतो की अमक्याला गळाच नाही. बाईंनीही गाणं थोडं वर उचललं तर निम्मे बेसूर सुरात येतील, आणि त्याला पैसा लागत नाही.

बाजाराने या पोकळीत आपली सोय केली. मीना खडीकरांनी संगीत दिलेली आणि रचना व योगेश या त्यांच्याच मुलांनी गायलेली बालगीतं गोड होती, आजही आहेत. पण ती ऐकण्याची गाणी, वाद्यवृंदाच्या आधाराने उभी राहिलेली. अंगणात तीस मुलांनी ती एकदम धरली की मधल्या उड्या कोसळतात. २००८-०९च्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने दुसरं टोक गाठलं. ती मुलं खरोखर तयार होती. घराघरातल्या आईबापांनी मात्र त्यातून एवढंच घेतलं की मुलाने गायचं म्हणजे मोठ्यांचं गाणं मोठ्यांसारखं गायचं.

शास्त्रीय संगीताच्या वाटेवर चित्र उलटं आहे. १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी संगीत वर्गात आणलं, मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’ लिहिलं. त्यांचे ऋण मोठे. पण त्यातूनच पुढे वाढलेल्या परीक्षापद्धतीत लहान मूल पहिल्या दिवशी मांडी घालून बसतं, अलंकार घोकतं आणि नादाची व्याख्या पाठ करतं. चालणं, उडी, टाळी यांना तिथे जागा नाही. परीक्षेच्या पहिल्या पायरीलाच ‘प्रारंभिक’ म्हणतात. मुलाच्या कानाचा प्रारंभ त्याआधी पाच-सहा वर्षं होऊन गेलेला असतो.

जोयड्याला लागूनच गोवा आहे, आणि तिथे खेडेगावातल्या मुलांना पद्धतशीर संगीत शिकवता येतं याचा पुरावा आहे. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत लहान मुलं सोलफेज म्हणत, स्वरलिपी वाचत, व्हायोलिन धरत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९२७चे, चर्चच्या गायनवृंदाच्या प्रमुखाचे चिरंजीव. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले आणि प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. मुंबईच्या स्टुडिओंतले कितीतरी वादक याच शाळांतून घडले. शिस्त कडक होती, खेळ फारसा नव्हता, आणि सगळा खटाटोप प्रार्थनेसाठी होता, हे विसरून गोडवे गाण्यात अर्थ नाही. तिकडे पद्धत होती, खेळ नव्हता. आपल्याकडे खेळ आहे आणि पद्धतीचं नाव काढलं की पेटी आणि परीक्षा येते.

दोन्ही जोडणं फार अवघड नाही. मुलांना येतं तेच फुगडीचं गाणं घ्यायचं. बाईंनी हात वर केला की आवाज बंद करून गाणं मनात चालू ठेवायचं, हात खाली आला की सगळ्यांनी एकदम त्याच शब्दावर यायचं. अंतर्श्रवण म्हणतात ते हेच, आणि मुलांना तो चोर-पोलिसांसारखा खेळ वाटतो. डोळे बांधून आंधळी कोशिंबीर खेळताना नाव त्याच दोन सुरांत पुकारायचं आणि कोण हाक मारतंय ते ओळखायचं. वर गेलं की उभं राहा, खाली आलं की बसा. महिनाभराने त्या दोन सुरांना प आणि ग म्हणायचं, मग सा आणायचा.

अडचण अंगणवाडी सेविकेची आहे. तिला वजन-उंचीच्या नोंदी, आहार, लसीकरणाचे निरोप, सर्वेक्षणं हे सगळं मानधनावर उरकायचं असतं. तिच्या प्रशिक्षणात आठवडाभर तरी कानाचं काम हवं, आणि ते शिकवायला शहरातला विशारद पाठवण्यापेक्षा गावातली फुगडीत तयार असलेली आजी बोलवावी, तिलाही मानधन द्यावं. विशारदाने शेजारी बसून गाण्याचा सा कोणता ते शोधून द्यावं. नोंदवहीत याचा रकाना मात्र कुणी घालू नये. घातला तर वर्षभरात त्याचं प्रमाणपत्र निघेल आणि कुंभारवाड्यातली पोरं फुगडीच्या परीक्षेला बसतील.