फोन कोणाचा, हे कोण मोजतं?

टेलिमेडिसिनवरचे पेपर वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. यशाचं माप बहुतेकदा ठरलेलं असतं: किती सल्ले दिले आणि किती रुग्ण समाधानी होते. पण समाधानाचा प्रश्न कॉल पूर्ण झालेल्यांनाच विचारला जातो. ज्यांना लॉगिनच जमलं नाही, ते नमुन्यात येतच नाहीत. म्हणजे बसमध्ये बसलेल्यांनाच विचारायचं, "बस मिळाली का?"

ई-संजीवनीचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२० मध्ये तिची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. नोंदणीला मोबाइलवर ओटीपी लागतो. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) बघा. स्वतः वापरते असा मोबाइल देशातल्या साधारण ५४ टक्के महिलांकडे आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. माझ्या आत्याचा ओटीपी तिच्या मुलाच्या फोनवर येतो. तो दिवसभर कामावर. आणि घरी असला तरी पाळीच्या तक्रारी ती त्याच्यासमोर सांगेल का?

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांतही एक गोम आहे. पहिल्याच सल्ल्यात 'लिस्ट ए'मधली औषधं लिहून द्यायची तर व्हिडिओ कॉल हवा. नुसत्या आवाजावर पॅरासिटामॉल, ओआरएससारखी 'लिस्ट ओ'ची औषधं मिळतात. नियम सुरक्षेसाठी आहे आणि तो मला पटतो. पण साध्या फोनवाल्याच्या वाट्याला त्यामुळे कमी उपचार येतात, हे अभ्यासात दिसायला हवं.

ई-संजीवनीचा दुसरा मार्ग मला जास्त न्याय्य वाटतो. त्यात रुग्ण आयुष्मान आरोग्य मंदिरात (आधीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात) जातो आणि तिथला समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांशी जोडून देतो. स्वतःचा स्मार्टफोन लागत नाही, तपासायला माणूस समोर असतो. अडचण एवढीच, की केंद्रापर्यंत जायचं तर मजुरी बुडू शकते. म्हणून दोन्ही मार्गांची बेरीज करून एकच आकडा सांगितला, की कोण कुठे अडकलं ते झाकलं जातं.

अशा पेपरमध्ये मला तीन गोष्टी हव्यात: अर्धवट सुटलेल्या कॉलची नोंद, ऑडिओ आणि व्हिडिओचे वेगळे आकडे, आणि "हा फोन कोणाचा?" हा साधा प्रश्न. तिन्हींना नवं तंत्रज्ञान लागत नाही. फॉर्ममध्ये दोन-तीन रकाने वाढवले तरी भागेल.