चुका आपल्या, पुस्तक दुसऱ्याचे : इंग्रजी व्याकरणाच्या तीन पुस्तकांची चिकित्सा



मी रायपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेला शिकवतो. इंग्रजी हा माझा विषय नाही. तरीही इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांवर हे टिपण लिहितो आहे, त्याला एक उत्तरपत्रिका कारण झाली. तिथूनच सुरुवात करू.

१. एक उत्तरपत्रिका

तिसऱ्या सत्राच्या एका चाचणीत प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर मी सूचना दिली होती : ‘अनलेस अदरवाइज स्टेटेड, निग्लेक्ट द इंटर्नल रेझिस्टन्स ऑफ द बॅटरी.’ म्हणजे, वेगळे सांगितले नसेल तर बॅटरीचा अंतर्गत रोध सोडून द्या. चौथ्या प्रश्नात मात्र हा रोध अर्धा ओहम असल्याचे स्पष्ट दिले होते. राजनांदगावकडच्या, घरी मराठी बोलणाऱ्या एका मुलीने तो सोडून दिला. सूत्र बरोबर, आकडेमोड बिनचूक, उत्तर चूक. विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, वर ‘निग्लेक्ट’ लिहिलं होतं ना!” पहिल्या वर्षी व्याकरणाच्या चाचणीत तिला वीसपैकी अठरा गुण होते.

मी तिची जुनी वही मागवली. पहिल्या सत्राच्या पानांवर इंग्रजी ओळींच्या मधोमध पेन्सिलीने मराठी लिहिलेले होते. पुढच्या पानांवर ते बंद झाले होते. ते मीच बंद करवले होते. “इंग्रजीत शिकायचं तर इंग्रजीतच विचार कर,” असे मी तिला सगळ्या वर्गासमोर सांगितले होते. तिने ऐकले. मराठी लिहिणे थांबले आणि अर्थ लागला की नाही हे तपासण्याचे तिच्याजवळचे साधनही गेले.

व्याकरणात अठरा गुण मिळवणारी मुलगी एक ओळीची सूचना चुकीची वाचते, याचा अर्थ ती ज्या पुस्तकांवरून सराव करते त्यांत काहीतरी राहून गेले आहे. काय राहिले, ते आपल्याला शोधायचे आहे.

२. आधी चिनी विद्यार्थ्याकडे पाहू

आपली अडचण नीट दिसावी म्हणून थोडा वेळ दुसऱ्याची अडचण पाहणे उपयोगी पडते. चिनी भाषेत क्रियापदाचे रूप काळाप्रमाणे बदलत नाही. ‘काल’ म्हटले की भूतकाळ कळला, क्रियापदाला वेगळे काही करावे लागत नाही. म्हणून चिनी विद्यार्थी ‘यस्टर्डे आय गो’ असे लिहून जातो. आपण सहसा असे लिहीत नाही, कारण मराठीत ‘जातो’ आणि ‘गेलो’ ही वेगळी रूपे लहानपणापासून तोंडात बसलेली असतात. आपली चूक निराळी : ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’.

म्हणजे चुका भाषेगणिक वेगळ्या असतात. मायकेल स्वान आणि बर्नार्ड स्मिथ यांनी संपादित केलेले ‘लर्नर इंग्लिश’ (केंब्रिज, १९८७) हे पुस्तक याच तत्त्वावर उभे आहे. कोणत्या मातृभाषेचा विद्यार्थी इंग्रजीत कुठे अडखळतो, हे त्यात भाषावार दिले आहे. चिनी भाषकांवरचे प्रकरण युंग चांग यांचे आहे. पुढे ‘वाइल्ड स्वान्स’ (१९९१) लिहिणाऱ्या त्या याच. या पुस्तकात चिनी भाषेला स्वतंत्र प्रकरण मिळाले, मराठीला मिळाले नाही.

आणखी एक गोष्ट. एल. जी. अलेक्झांडर यांची ‘न्यू कॉन्सेप्ट इंग्लिश’ ही ब्रिटिश पुस्तकमाला १९६७ ची. चीनमध्ये ती अफाट खपली. १९९७ साली तिची नवी आवृत्ती निघाली ती हे छीशिन या चिनी प्राध्यापकांना सोबत घेऊन, चिनी विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम फेरफार करून. बाहेरचे पुस्तक घेतले, पण ते आपल्या चुकांच्या मापाने कापून घेतले. आता हाच निकष आपल्या हातातल्या तीन पुस्तकांना लावू.

३. रेन आणि मार्टिन, मर्फी, तर्खडकर

पहिले, ‘रेन अँड मार्टिन’. पी. सी. रेन हे ‘बो जेस्ट’ (१९२४) या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. त्यांनी मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केली होती. १९३० च्या दशकातले हे व्याकरण आजही घरोघरी सापडते. त्याचा गुण म्हणजे शिस्त. शब्दांच्या जाती, वाक्याचे पृथक्करण, वाच्य, कथनाचे प्रकार, सगळे क्रमवार. पण ते शिकवते प्रामुख्याने नाव ठेवायला. हे उपवाक्य विशेषणवाचक, ते क्रियाविशेषणवाचक, असे विद्यार्थी पटापट सांगतो. त्या उपवाक्याने अर्थ कुठे वळला, हे त्याला विचारलेच जात नाही. ‘अनलेस’ हे उभयान्वयी अव्यय आहे, हे माझ्या विद्यार्थिनीला ठाऊक होते.

दुसरे, रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ (१९८५). डाव्या पानावर स्पष्टीकरण, उजव्या पानावर सराव. भाषा सोपी, उदाहरणे रोजच्या बोलण्यातली. एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठी इतकी सोयीची मांडणी क्वचितच मिळते आणि मी ते विद्यार्थ्यांना आजही सुचवतो. पण ते जगातल्या सगळ्यांसाठी आहे, म्हणून कोणा एकाच्या मातृभाषेसाठी नाही. शिवाय डाव्या पानावर ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ असले की उजव्या पानावरच्या रिकाम्या जागांत त्या दोहोंपैकीच एक येणार, हे विद्यार्थ्याला आधीच माहीत असते. वीसपैकी अठरा तिथून येतात.

तिसरे पुस्तक आता हसण्यावारी नेले जाते : तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’. हे द्वारकानाथ तर्खडकर. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर वेगळे, दोघांची गल्लत करू नका. धड्याच्या आरंभी शब्द आणि अर्थ, मग मराठीतून नियम, मग इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करायची वाक्ये, अशी तिची घडण. मराठी माणसांच्या कितीतरी पिढ्या या पुस्तकावर इंग्रजी शिकल्या. तिचे दोष उघड आहेत. वाक्ये सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली. सलग उतारा वाचण्याची सवय त्यातून लागत नाही. शब्दाला शब्द ठेवण्याची खोड मात्र लागू शकते. पण एक गोष्ट या तिघांत फक्त तिच्यापाशी आहे : विद्यार्थ्याला एक भाषा आधीच येते, हे ती गृहीत धरते. बाकीची दोन पुस्तके आपल्याला कोरी पाटी समजतात.

४. आपल्या भाषेत जे आधीच आहे

‘मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ते पाठच करावे लागते,’ असे आपल्याला सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. पुढील दोन वाक्ये वाचा :

मी डॉक्टर शोधतोय.
मी डॉक्टरांना शोधतोय.

पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठरलेले, ओळखीचे डॉक्टर आहेत. पहिल्याचे इंग्रजी ‘अ डॉक्टर’, दुसऱ्याचे ‘द डॉक्टर’. म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ यांतला भेद आपण दररोज करतो, फक्त त्यासाठी वेगळा शब्द वापरत नाही. हिंदीत हेच काम ‘को’ करतो. छत्तीसगढीत तर ‘टुरा’ म्हणजे मुलगा आणि ‘टुरा हर’ म्हणजे तो ठरावीक मुलगा. ‘हर’ हा जवळजवळ ‘द’च आहे, नामाच्या मागे लावलेला. चिनीतही आर्टिकल नाही, पण ‘पाहुणे’ हा शब्द ‘आले’च्या आधी ठेवला तर ज्यांची वाट पाहत होतो ते पाहुणे, आणि नंतर ठेवला तर कोणीतरी पाहुणे, असा भेद शब्दक्रमाने होतो. माझ्या वर्गात या गोष्टीवर वीस मिनिटे घालवली, तेव्हा ज्या मुलांनी बारावीपर्यंत आर्टिकल घोकले होते ती म्हणाली, “सर, हे तर आम्ही बोलतोच!”

‘सिन्स’ आणि ‘फॉर’चेही असेच. मराठीत ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, म्हणून गोंधळ होतो. पण जिथे ‘गेली पाच वर्षे’ म्हणता येते तिथे ‘फॉर’. जिथे ते म्हणताच येत नाही, ‘२०१९ पासून’च म्हणावे लागते, तिथे ‘सिन्स’. मात्र एक फरक मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो. मराठीत ‘राहतोय’ हा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. जिथे दोन्ही भाषा जुळतात तिथे वेळ वाचवा आणि तो जिथे फाटा फुटतो तिथे घालवा. सरावाचे शहाणपण एवढेच.

५. वाचन : वाक्य उलट बाजूने उलगडते

आता मूळ दुखण्याकडे. हे वाक्य पाहा :

‘द करंट फ्लोइंग थ्रू द रेझिस्टर कनेक्टेड अक्रॉस द बॅटरी इज टू अँपिअर्स.’

मराठीत : बॅटरीला जोडलेल्या रेझिस्टरमधून वाहणारा करंट दोन अँपिअर आहे.

क्रम पाहिलात? इंग्रजीत करंट, रेझिस्टर, बॅटरी. मराठीत बॅटरी, रेझिस्टर, करंट. आपण विशेषण आधी सांगतो आणि नाम शेवटी आणतो. चिनी भाषाही तसेच करते. इंग्रजी नाम आधी ठेवून त्याच्या मागे शेपटासारखी माहिती जोडत जाते. आपला विद्यार्थी शेवटच्या नामाची वाट पाहत राहतो, आणि ‘बॅटरी इज टू अँपिअर्स’ एवढेच हाती घेऊन पुढे जातो.

यावर उपाय मराठीतच आहे. आपल्याकडे ‘जो-तो’ची रचना आहे : जो करंट रेझिस्टरमधून वाहतो, जो रेझिस्टर बॅटरीला जोडला आहे, तो करंट दोन अँपिअर आहे. इंग्रजीचा क्रम न मोडता अर्थ लागतो. लांब वाक्य असे ‘जो-तो’त मोडून पाहण्याचा सराव वरच्या तीनपैकी एकाही पुस्तकाच्या केंद्रस्थानी नाही.

उताऱ्यावरील प्रश्नांचे प्रचलित रूपही तपासले पाहिजे. समजा उताऱ्यात म्हटले आहे की, पंप नादुरुस्त झाला नव्हता, तरीही उन्हाळ्यानंतर तो बदलला. प्रश्न असतो : पंप केव्हा बदलला? विद्यार्थी प्रश्नातला ‘पंप’ शोधतो, शेजारचा ‘उन्हाळा’ उचलतो, गुण मिळतो. यात वाचन झालेच नाही, शब्द जुळवणे झाले. प्रश्न असा हवा : पंप बिघडला म्हणून बदलला का? कशावरून म्हणता? आता ‘दो’ या एका शब्दापाशी थांबावे लागते. ‘अनलेस’, ‘दो’, ‘ओन्ली इफ’, ‘एक्सेप्ट’, ‘इदर’ हे शब्द दिसायला लहान, पण प्रश्नपत्रिकेतला अर्थ त्यांच्यावरच फिरतो.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप : मनात भाषांतर करत बसले तर वाचन मंदावते. मंदावते, हे खरे. पण न समजता वेगाने वाचण्यापेक्षा ते बरे, आणि सरावाने पेन्सिल आपोआप सुटते. ती शिक्षकाने हिसकावून घ्यायची नसते. भाषांतर म्हणजे कमी दर्जाचे वाचन, असे मानायचेही कारण नाही. आमच्या छत्तीसगढात १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. एकेका वाक्यापाशी थांबल्याशिवाय असे काम होत नाही.

दुसरा आक्षेप : वर्गात एकच मातृभाषा नसते. माझ्या वर्गातही छत्तीसगढी, हिंदी, मराठी, ओडिया, तेलुगू बोलणारी मुले आहेत. शिक्षकाला त्या सगळ्या भाषा याव्यात अशी अपेक्षा नाही. प्रश्न विचारता आला म्हणजे पुरे : “तुझ्या घरच्या भाषेत हे कसं म्हणशील?” उत्तर विद्यार्थ्याजवळ असते.

७. निष्कर्ष आणि स्वाध्याय

तिन्ही पुस्तके टाकून देऊ नका. नियमांची रचना रेन आणि मार्टिनमध्ये पाहा, रोजचा सराव मर्फीवर करा, आणि तर्खडकरांकडून दोन भाषा शेजारी ठेवण्याची रीत घ्या, फक्त सुट्या वाक्यांऐवजी स्वतःच्या पाठ्यपुस्तकातल्या सलग परिच्छेदांवर. चौथे पुस्तक तुम्हीच करायचे आहे : स्वतःच्या चुकांची वही.

(अ) तुमच्या विषयाच्या इंग्रजी पुस्तकातले सर्वांत लांब वाक्य निवडा. ते ‘जो-तो’ वापरून मोडा, मग सहज मराठीत लिहा.

(आ) पुस्तक मिटून त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहा. मूळ वाक्याशी ताडून पाहा. जिथे फरक पडला ती जागा वहीत नोंदवा. तोच तुमचा धडा.

(इ) मागच्या परीक्षेची एक प्रश्नपत्रिका घ्या. फक्त सूचना वाचा. प्रत्येक सूचनेचा अर्थ मातृभाषेत एका ओळीत लिहा.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला बोलावून सांगितले की वहीत मराठी लिहायला हरकत नाही, माझे तेव्हा चुकले. ती म्हणाली, “सर, पेन्सिलीने की पेनने?” मी म्हटले, “पेनने लिही.”