लेगोचे ११ टक्के: एका शोधनिबंधाची चिकित्सा

संग्राह्य खेळण्यांच्या बाजारावर काही करायचंय, असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये हल्ली एक वाक्य हमखास सापडतं: 'लेगोच्या जुन्या सेटवर वर्षाला ११ टक्के परतावा मिळतो, सोन्यापेक्षा जास्त.' पुढे संदर्भ. निबंध गोषवाऱ्यापलीकडे वाचलेला नाही हे दुसऱ्या प्रश्नातच कळतं. मुलाखतीच्या पॅनेललाही कळतं, म्हणून हा लेख.

आधीच सांगते, माझी पीएच.डी. खेळण्यांवर नाही, सह्याद्रीतल्या बेडकांवर आहे. पण मोजमापाचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. पावसाळ्यात रात्री ओरडणारा बेडूक मोजता येतो, गप्प बसलेला मोजता येत नाही. आणि आकडेमोड कितीही भारी केली तरी गप्प बसलेला बेडूक त्यातून बाहेर येत नाही.

निबंधाचं नाव 'लेगो: द टॉय ऑफ स्मार्ट इन्व्हेस्टर्स'. लेखिका व्हिक्टोरिया डोब्रिन्स्काया आणि ज्युलिया किशिलोवा, मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या. २०१८ पासून मसुदा फिरत होता, २०२२ च्या सुरुवातीला 'रिसर्च इन इंटरनॅशनल बिझनेस अँड फायनान्स' या नियतकालिकात तो छापून आला, आणि त्याच सुमारास जगभरच्या वर्तमानपत्रांत 'सोन्यापेक्षा लेगो बरं' असे मथळे झळकले. (शीर्षकातच निष्कर्ष घातलेला निबंध मी जरा सावधपणे उघडते. 'स्मार्ट' हा शब्द निकालाचा आहे, मोजमापाचा नाही.)

आता त्यात काय आहे ते नीट बघू, कारण निबंध टाकाऊ अजिबात नाही. १९८७ ते २०१५ या काळातले २,३२२ सेट घेतलेत. सरासरी वार्षिक परतावा किमान ११ टक्के, महागाई वजा केली तर ८. अगदी लहान आणि अगदी मोठे सेट मधल्या आकाराच्या सेटपेक्षा जास्त वाढले. सणासुदीचे, वास्तूंचे आणि चित्रपटांवरचे सेट पुढे. शेअर बाजाराच्या चढउताराशी या परताव्याचा फारसा संबंध दिसत नाही, मात्र छोट्या कंपन्यांच्या शेअरना जो 'आकाराचा' घटक लागू होतो तो इथेही जवळजवळ तसाच लागू होतो. लेखिकांचं श्रेय असं की त्यांनी दोन-चार गाजलेले सेट उचलून गोष्ट सांगितली नाही. दोन हजारांवर सेटचा नमुना घेतला आणि वित्तशास्त्रातली नेहमीची कसोटी त्याला लावली. खेळण्यांवर इतकं कष्टाचं काम फार कमी झालंय.

पण ११ ही सरासरी आहे. त्याच निबंधाच्या प्रसिद्धीबरोबर सांगितलं गेलं की सेटागणिक परतावा वर्षाला उणे ५० टक्क्यांपासून अधिक ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे. एवढ्या पसाऱ्याची सरासरी वाचताना डोक्यात एक साधं उदाहरण ठेवा. दहा सेट घेतले. नऊ जागच्या जागी राहिले, एक ११० टक्के वाढला. सरासरी किती? ११ टक्के. मध्यक किती? शून्य. गोषवाऱ्यात लेखिका हे लपवत नाहीत. वितरण उजवीकडे लांबलेलं आहे असं त्या स्पष्ट लिहितात, उलट गुंतवणूकदारासाठी तो गुण म्हणून मांडतात. लॉटरी आवडणाऱ्याला तो गुण वाटेलही. पण दोन सेट घेऊन कपाटावर ठेवणाऱ्या माणसाला सरासरी मिळत नसते, त्याला ते दोन सेट मिळतात.

दुसरी गोष्ट, भाव वाढणं आणि हातात पैसे येणं यांत अंतर आहे. समजा १०,००० रुपयांचा सेट दरवर्षी ११ टक्क्यांनी वाढला. पाच वर्षांनी तो साधारण १६,८५० चा झाला. विकताना संकेतस्थळाचं कमिशन, पॅकिंग, कुरिअर मिळून १५ टक्के गेले असं धरू (हा आकडा माझा, हिशोबापुरता). उरले सुमारे १४,३२०. म्हणजे वर्षाला साडेसात टक्क्यांच्या आत. आणि एकाच वर्षात विकला तर? ११,१०० मधून १५ टक्के वजा, ९,४३५. तोटा. शिवाय पाच वर्षं तो खोका न चेपता, न भिजता ठेवायचा, तेही मुंबई-पुण्याच्या घरात! सोन्याच्या बिस्किटाला एवढी जागा लागत नाही.

इथपर्यंतची टीका कुणीही करेल. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो वयाचा प्रश्न, आणि विज्ञान शाखेतल्या मुलांना तो लगेच पटावा. 'जुने सेट महाग' असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय मोजलेलं असतं? २०१५ मध्ये वीस वर्षं जुना असलेला प्रत्येक सेट १९९५ चाच असणार. वय, बाजारात येण्याचं साल आणि मोजणीचं साल यांतली दोन ठरली की तिसरं आपोआप ठरतं. मग १९९५ चा सेट महाग आहे तो वीस वर्षं मुरला म्हणून, की त्या काळी मुळात कमी बनला म्हणून, की १९९५ मध्ये आठ वर्षांचं असलेलं मूल २०१५ मध्ये अठ्ठावीस वर्षांचं झालं आणि पहिल्यांदा त्याच्या खिशात स्वतःचा पगार आला म्हणून? ही तीन वेगळी कारणं आहेत आणि त्यांची भाकितंही वेगळी. पहिलं खरं असेल तर आजचा सेटही वीस वर्षांनी महाग होईल. दुसरं खरं असेल तर नाही. कारण २००३-०४ मध्ये लेगो कंपनी बुडायच्या बेतात होती आणि २०१५ मध्ये तिची वर्षाची विक्री ३,५८० कोटी डॅनिश क्रोनर झाली. नव्वदच्या दशकातली लेगो आणि आजची लेगो हे दोन वेगळ्या आकाराचे कारखाने आहेत. साथरोगशास्त्रात आणि लोकसंख्याशास्त्रात हा गुंता दररोजचा आहे. खेळण्यांच्या बाजारावर लिहिणारे त्याकडे फारसं बघत नाहीत.

त्यातच ईबे सुरू झालं १९९५ मध्ये. १९८७ साली सेट घेणाऱ्याला पहिली आठ वर्षं असा जगभरचा गिऱ्हाईक मिळण्याची सोयच नव्हती. त्याच्या परताव्यात इंटरनेटमुळे एकदाच झालेली उडी मिसळलेली आहे. ती उडी परत होणार नाही.

आणि मग येतो ताजमहाल. निबंधाच्या प्रसिद्धीत सर्वांत महाग सेटांची जी नावं आली त्यांत 'मिलेनियम फाल्कन' आणि 'डेथ स्टार टू' यांच्यासोबत ताजमहालही होता. २००८ मध्ये निघालेला हा सेट ५,९२२ तुकड्यांचा, अमेरिकेत किंमत ३०० डॉलर. बंद झाल्यावर त्याचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट वर गेला, संग्राहकांच्या गप्पांत तो दंतकथाच होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये लेगोने तोच ताजमहाल पुन्हा काढला. ५,९२३ तुकडे, ३७० डॉलर. एक तुकडा जास्त, बस. जुन्या सेटचा भाव कोसळला. कोसळणारच, कारण तेच खेळणं दुकानात नवंकोरं मिळायला लागलं. त्याच्या महिनाभर आधी नवा मिलेनियम फाल्कन आला होता: २००७ चा ५,१९५ तुकड्यांचा, हा ७,५४१ चा.

आता तारखा जुळवा. नमुना संपतो २०१५ ला. निबंध छापून येतो २०२२ ला. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने या बाजारातली सर्वांत मोठी जोखीम, म्हणजे उत्पादकाने तीच वस्तू पुन्हा काढणं, त्याच गाजलेल्या सेटांच्या बाबतीत नमुना संपल्यावर दोन वर्षांच्या आत घडली. शेअर बाजार, मूल्य, गती, अस्थिरता या सगळ्या जोखमींशी संबंध नाही असा निष्कर्ष निघतो, कारण खरी जोखीम त्या यादीतच नाही. ती बिलुंडच्या कार्यालयात बसलेली आहे. कुठल्याही प्रमाणित घटकाने ती पकडता येणार नाही. निबंध वाचताना माझ्या मते सगळ्यात आधी हे विचारायला हवं होतं: पुरवठा कोणाच्या हातात आहे?

पुरवठ्याचीच दुसरी बाजू गिऱ्हाइकांच्या घरात आहे. जुना सीलबंद सेट दुर्मिळ का झाला? कारण बाकीच्यांनी खोके फोडले. मुलांनी तुकडे सोफ्याखाली घालवले, आईंनी उरलेले डब्यात भरले, धाकट्याला दिले. टंचाई तयार केली ती खेळणाऱ्यांनी. ११ टक्के हा आकडा अशा जगात मोजलेला आहे जिथे बहुतेक लोक लेगो खेळायला घेत होते. 'लेगो ही गुंतवणूक आहे' असं सगळ्यांना सांगून झाल्यावर ते जग तसंच राहतं का?

याचं उत्तर अमेरिकेत नव्वदच्या दशकात एकदा मिळालेलं आहे. टाय कंपनीच्या बीनी बेबीज. पाच डॉलरच्या आसपासचं, दाणे भरलेलं कापडी जनावर. कंपनी एकेक नमुना 'निवृत्त' करायची, की त्याचा भाव वाढायचा. १९९७ मध्ये ईबेवरच्या एकूण विक्रीचा सुमारे दहावा हिस्सा बीनीचा होता. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणारं जोडपं जमिनीवर बसून बीनींची वाटणी करत असल्याचा फोटो गाजला. त्याच वर्षी कंपनीने ३१ डिसेंबरनंतर सगळ्याच बीनी बंद करण्याची घोषणा केली. अपेक्षा अशी की भाव आणखी चढतील. चढले नाहीत. लोकांचं मत घेऊन कंपनीने उत्पादन चालू ठेवलं, पण हवा गेली ती गेली. कारण साधं आहे. लाखो घरांत त्या बीनी प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, लेबलसकट, जशाच्या तशा होत्या. कुणी खेळलंच नव्हतं. विक्रेते तयार होते, घेणारा कुठे होता?

१९९८ मध्ये थांबलेल्या नमुन्यावर बीनींचा परतावा काढला असता तर तो लेगोपेक्षा झकास दिसला असता. नमुना कुठे थांबवला यावर निष्कर्ष किती अवलंबून आहे, हे तपासायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. शेवटची तीन वर्षं काढून टाका आणि परत चालवा.

आता लबुबू, कारण पुढच्या वर्षीच्या निम्म्या सिनॉप्सिस त्यावर असतील. कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये काढलेलं पात्र, नंतर चीनच्या पॉप मार्टने खेळणं म्हणून आणलं. २०२४ मध्ये 'ब्लॅकपिंक'च्या लिसामुळे ते आशियाभर पोचलं. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत पॉप मार्टची विक्री १,३८८ कोटी युआन, त्यात लबुबू ज्या मालिकेतला आहे तिचा वाटा ४८१ कोटी. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढा एक लबुबू १० लाख ८० हजार युआनला गेला. ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्यानंतर आठवडाभरात कंपनीने मोठ्या प्रमाणावर आगाऊ नोंदणी खुली केली आणि नेहमीच्या लबुबूचे पुनर्विक्रीचे भाव जवळपास निम्म्यावर आले, ती मात्र सिनॉप्सिसमध्ये कुणी घातलेली मी पाहिली नाही. लिलावातली वस्तू एकच होती. ती 'बाजारभाव' नव्हे, तो ओरडणारा बेडूक.

यावर गूगल ट्रेंड्सचा आलेख चिकटवून 'मागणीचा कल' म्हणू नका, एवढी विनंती. तो आकडा ० ते १०० च्या सापेक्ष मोजपट्टीवर असतो, निवडलेल्या काळातलं शिखर म्हणजे १००. काळ बदला, आलेख बदलतो. शिवाय शोधणारा घेणारा असतोच असं नाही. खोटा लबुबू कसा ओळखावा हे शोधणाराही त्यात आहे, आणि 'हे काय नवीन?' म्हणणारी आजीही. गूगलनेच शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधायचा प्रकल्प केला होता. २०१२-१३ च्या हंगामात तो वाईट चुकला आणि बातम्या वाचून शोधणारे निरोगी लोक हे त्याचं एक कारण मानलं गेलं.

हा विषय तरीही घ्यायचा असेल, आणि घ्यावा, तर मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत असे दोन वेगळे रकाने करा. तिसरा रकाना न विकल्या गेलेल्या वस्तूंचा. हा रकाना बहुतेक निबंधांत नसतो, म्हणूनच तुमच्या कामाला तिथे जागा आहे. चौथ्यात उत्पादकाने माल पुन्हा बाजारात आणल्याच्या तारखा. सरासरीशेजारी मध्यक द्या. आणि नोंदी आजपासून उतरवायला लागा, गाइड मिळायची वाट बघू नका: ईबेवर झालेल्या विक्रीची यादी साध्या शोधात साधारण ९० दिवसांपुरतीच दिसते.