‘शोषण’ ही संज्ञा आणि तंत्रिकाग्रांतील कोलीनचे मापन

ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक द्रव्य तंत्रिकाग्रांत कोलीनपासून बनते, आणि ते कोलीन मुख्यतः बाहेरून आत यावे लागते. या आत येण्याला इंग्रजीत ‘अपटेक’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘शोषण’ हा शब्द सहज सुचतो. शब्दाचा प्रश्न गौण वाटेल. परंतु येथे शब्दाने मापनाचा अर्थच झाकला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्रे आणि व्हिटेकर यांनी १९६२ साली मेंदूच्या ऊतकातून तुटलेली तंत्रिकाग्रे वेगळी काढण्याची रीत सविस्तर मांडली; १९६४ मध्ये त्यांना ‘सिनॅप्टोसोम’ हे नाव मिळाले. या मिटलेल्या सूक्ष्म पिशव्या ट्रिशियमची खूण असलेल्या कोलीनच्या द्रावणात काही मिनिटे ठेवावयाच्या, वेगळ्या करून धुवावयाच्या आणि किरणोत्सर्ग मोजावयाचा, ही रूढ पद्धती होय. यामामुरा आणि स्नायडर यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी याच मार्गाने कोलीनची उच्च-आसक्तीची वाहतूक ओळखली. सुमारे एक मायक्रोमोलर संहतीलाच ती निम्मा वेग गाठते, आणि हेमिकोलिनियम-३ने अडते. या कार्याचे मोल कमी नव्हे. पण गणक काय सांगतो? खूण आत आहे, एवढेच. बाहेरचा एक रेणू आत आला आणि आतला एक बाहेर गेला, तर साठ्यात कणाचीही भर पडत नाही; गणना मात्र वाढते. खूण कोलीनवरच राहिली की ॲसिटिलकोलीनमध्ये गेली, हेही दोन्ही द्रव्ये वेगळी केल्यावाचून कळत नाही.

जेंडन व त्यांचे सहकारी यांनी ड्यूटेरियमयुक्त कोलीन घेऊन वायुवर्णलेखनाला वस्तुमान-वर्णपटमितीची जोड दिली, ती या दृष्टीने निर्णायक ठरते. खुणेचे रेणू आणि मूळचे रेणू वजनावरून ओळखू येतात व दोहोंचे प्रमाण स्वतंत्रपणे मिळते. ‘आले’ आणि ‘वाढले’ ही दोन विधाने तेव्हा कोठे वेगळी होतात.

‘शोषण’ म्हणताच मनापुढे पाणी पिणारी माती उभी राहते, म्हणजे साठा वाढलाच असे गृहीत धरले जाते. (त्या शब्दाचा सामाजिक अर्थ तर येथे अगदीच विजोड.) ‘ग्रहण’ बरा, पण तोही पुरत नाही. किरणोत्सर्गच मोजला असेल तेथे ‘खुणेचा प्रवेश’ म्हणावे. रासायनिक राशी मोजून वाढ दिसली असेल तेथेच ‘निव्वळ ग्रहण’. इंग्रजीतील काटेकोर लेखकही ‘अपटेक’मागे ‘निव्वळ’ या अर्थाचे विशेषण जोडतात. मोघम लिहिणारे तेथेही थोडे नाहीत.

२००० साली या वाहक प्रथिनाचे जनुक हाती आले. तरी गणकाच्या आकड्याचा अर्थ त्यामुळे बदलला नाही. ‘खुणेचा प्रवेश’ अवजड आहे, ही एका विद्यार्थ्याची तक्रार मात्र मला मान्य आहे. याहून सुटसुटीत शब्द मला अद्याप सापडलेला नाही.