आकडा नेमका कशाचा?

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातील ‘एका’ हा महासंगणक जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणिती क्रिया, हा त्याचा मोजलेला वेग होता. तो ‘लिनपॅक’ या चाचणीने मोजला होता. तीत रेषीय समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवायचा असतो. हवामानाचे गणितही त्याच वेगाने सुटेल, असा त्याचा अर्थ नव्हे. पण वेग कोणत्या चाचणीने मोजला, हे तरी तिथे सर्वांना ठाऊक असते. डेटाबेसच्या बाबतीत मात्र नुसता आकडाच हाती येतो.

बँकेची खाती, रेल्वेची आरक्षणे, शाळेचा पट अशा नोंदी सांभाळणारी प्रणाली म्हणजे डेटाबेस. ‘पोस्टग्रेसक्यूएल’ हा ओपन सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्राम सर्वांना खुला असलेला डेटाबेस आहे. त्याच्यासोबत ‘पीजीबेंच’ हे वेगचाचणीचे साधन मोफत मिळते. सेकंदाला किती व्यवहार झाले, हे ते सांगते.

या मोफत सोयीचे मोल मोठे आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी काही डेटाबेसांची तुलना प्रसिद्ध केली. तीत ऑरॅकल मागे पडला. पुढे अनेक कंपन्यांनी परवानगीवाचून चाचणीचे निकाल छापू नयेत, अशी अट परवान्यातच घातली. तिला ‘डेविट कलम’ म्हणतात. पोस्टग्रेसक्यूएलला अशी अट नाही. कुणीही मोजावे, कुणीही छापावे. म्हणूनच ते कसे मोजले जाते, याची परीक्षा व्हायला हवी.

पहिला आक्षेप चाचणीच्या आकारावर. पीजीबेंचमध्ये एक काल्पनिक बँक असते. काही न बदलता चाचणी सुरू केली, तर या बँकेत एक शाखा, दहा रोखपाल आणि एक लाख खाती असतात. ही सारी माहिती जेमतेम १५ एमबी भरते, म्हणजे ती संपूर्ण स्मृतीतच मावते आणि डिस्कवरून माहिती वाचण्याची कसोटी लागतच नाही. शिवाय प्रत्येक व्यवहारात शाखेची शिल्लक बदलावी लागते. वीस ग्राहक एकदम आले, तरी शाखेची नोंद एकच! एकाचे काम पुरे होईपर्यंत बाकीचे रांगेत. मग आपण मोजतो ती रांग, डेटाबेसची क्षमता नव्हे. शाखा निदान ग्राहकांइतक्या असाव्यात, असे पीजीबेंचच्या माहितीपुस्तिकेतच सांगितले आहे. पण ते वाचतो कोण?

दुसरा आक्षेप यंत्रावर. आणि तो दहावीच्या विद्यार्थ्यालाही तपासता येईल. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. व्यवहार पक्का होण्यासाठी त्याची नोंद तबकडीवर उमटायला हवी, आणि पुढच्या नोंदीसाठी तबकडी पुन्हा त्या जागी यावी लागते. म्हणून एकामागून एक व्यवहार करणाऱ्या एका ग्राहकाला सेकंदाला साधारण १२० व्यवहारांची मर्यादा पडते. अशा साध्या डिस्कवर एकट्या ग्राहकाचे दोन हजार व्यवहार दिसले, तर आनंदून जाऊ नये. डिस्कने नोंद स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवून ‘लिहिले’ असे खोटेच सांगितले असेल, किंवा नोंद पक्की करण्याची सोय कुणी बंद केली असेल. वीज गेली, की ते व्यवहारही गेले. खऱ्या बँकेत ते कुणाचे तरी पैसे असतात.

तिसरा आक्षेप वेळेवर. पोस्टग्रेसक्यूएल सहसा दर पाच मिनिटांनी स्मृतीतील बदल डिस्कवर उतरवतो. एका मिनिटात आटोपलेल्या चाचणीत हे काम बहुधा येतच नाही. शिवाय सरासरी चांगली असूनही काही ग्राहक फार वेळ ताटकळलेले असू शकतात.

मग चाचणी कशी मांडावी? माहिती स्मृतीच्या काही पट मोठी घ्यावी. ग्राहकांचा भार दुसऱ्या संगणकावरून द्यावा, नाहीतर मोजणाराच यंत्राची शक्ती खातो. चाचणी निदान तासभर चालवावी आणि तीन-चार वेळा करावी. निकालाबरोबर डिस्क, स्मृती, आवृत्ती, बदललेल्या सेटिंग्ज आणि सर्वांत जास्त लागलेला वेळही लिहावा.

शाळेत हे करून पाहता येईल. ग्राहक वीसच ठेवून आधी एक शाखा, मग वीस शाखा घ्या. आकडा किती बदलेल याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहायला सांगा. लंबकाच्या प्रयोगात लांबी न लिहिता नुसता आवर्तकाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. सर्व्हर विकायला येणाऱ्यालाही तोच नियम लावायला हवा.